सर्पदंशावरचे संशोधन शोधायला बसण्याआधी

कोल्हापूरसारख्या ऊसपट्ट्यात सर्पदंशावर प्रबंध करायचा, तर पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन संग्रहाआधी वही उघडा. प्रश्न एका वाक्यात लिहा: साप चावल्यावर दवाखान्यात पोहोचायला उशीर झाला, तर किडनीला इजा होण्याचा धोका किती वाढतो? यात तीन कप्पे पडतात: सर्पदंश, उशीर, किडनीची इजा. 'उशीर' शोधात घालूच नका. लेखक तो नाना तऱ्हांनी मांडतात, ॲबस्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे लेखाच्या सारांशात, तर बऱ्याचदा मांडतच नाहीत. लेख वाचताना तो तपासायचा.

उरलेल्या दोन्ही कप्प्यांना दोन-दोन प्रकारचे शब्द लागतात. एक, मेशमधली, म्हणजे पबमेडच्या विषयसंज्ञांच्या यादीतली, ठरलेली संज्ञा: 'स्नेक बाइट्स', 'अक्यूट किडनी इंज्युरी'. दुसरे, लेखकांचे मोकळे शब्द, टायटल-ॲबस्ट्रॅक्टमध्ये शोधायचे: स्नेकबाइट जोडून, स्नेक बाइट तोडून, एनव्हेनोमेशन, एनव्हेनॉमिंग (दोन्ही म्हणजे विष भिनणे), रीनल फेल्युअर (किडनी निकामी होणे). नुसत्या मेशवर विसंबलात तर मेडलाइनबाहेरचे (मेडलाइन हा पबमेडचा मेश लावलेला मुख्य भाग) लेख निसटतात. त्यांना मेश लावलेलेच नसते. 'ह्यूमन्स' हा फिल्टरही मेशवरच चालतो, म्हणून तो लावू नका.

कप्प्यातले शब्द ऑरने जोडा, कप्पे एकमेकांना अँडने. दोन्ही कॅपिटल अक्षरांत. प्रत्येक कप्प्याला कंस हवाच. पबमेड डावीकडून उजवीकडे वाचते. कंस विसरलात की शेवटच्या 'रीनल फेल्युअर'मुळे सापाशी संबंध नसलेले हजारो लेख पदरात पडतात. शब्दाची पुढची सगळी रूपे मिळावीत म्हणून शेवटी तारांकन (*) लावायचे तर त्याआधी किमान 4 अक्षरे हवीत, आणि तिथे पबमेड स्वतःहून समानार्थी शब्द जोडत नाही, हे धरून चाला.

शोधपेटीत नुसते 'कोल्हापूर' टाकू नका. लेखकाच्या पत्त्यात हे नाव असले तरी लेख येतो, मग विषय दातांचा का असेना. आधी जगभरचे पाहा, मग 'इंडिया' जोडून गाळा.

माय एनसीबीआय या पबमेडच्या खातेसेवेवर खाते आधीच काढून ठेवा. 8 तास काही हालचाल नसेल तर शोधाचा इतिहास पुसला जातो, निवडलेले लेख तात्पुरते ठेवायचा क्लिपबोर्डही रिकामा होतो. वहीत तारीख, शोधाची ओळ जशीच्या तशी आणि निकालांची संख्या उतरवा. पद्धती लिहिताना हेच लागते. निकाल झोटेरोत, म्हणजे संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, घ्या. कॉक्रेन लायब्ररी या वैद्यकीय पुराव्यांच्या दुसऱ्या संग्रहात हाच शोध वेगळा बांधावा लागतो, पबमेडची ओळ तिथे तशीच चालत नाही.

आणि गाइडनी दिलेले तीन-चार महत्त्वाचे लेख हाताशी ठेवा. ते तुमच्या निकालात दिसले पाहिजेत. एखादा दिसला नाही, तर त्याचे टायटल, ॲबस्ट्रॅक्ट आणि मेश पाहा, राहून गेलेला शब्द कप्प्यात घाला आणि शोध पुन्हा चालवा.