ॲडमिनची टूल्स डेस्कटॉपवर कशी आणायची (आणि कुठली आणू नयेत)

घरातला कॉम्प्युटर बिघडला की ज्याच्या नावाने हाक येते असा एक जण प्रत्येक घरात असतो, आणि तुम्ही हे वाचताय म्हणजे तुमच्या घरी तो तुम्हीच. मग प्रिंटर अडकला की सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅमची यादी) शोधा, वायफाय दिसेना की डिव्हाइस मॅनेजर (जोडलेल्या हार्डवेअरची यादी) शोधा, दर वेळी त्याच मेनूंमधून फिरा. ही चार-पाच टूल्स एकदाच डेस्कटॉपवर आणून ठेवली की काम सोपं होतं. खाली सगळं विंडोज १० आणि ११ बद्दल आहे.

त्याआधी एक करून बघा. विंडोज की धरून एक्स दाबा. जो मेनू उघडतो त्यात डिव्हाइस मॅनेजर, डिस्क मॅनेजमेंट, इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजने ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदी), कॉम्प्युटर मॅनेजमेंट, ॲडमिनवालं टर्मिनल किंवा पॉवरशेल (टाइप करून कमांड द्यायच्या खिडक्या) असं बरंच काही आधीपासूनच असतं. विंडोज ८ पासून हा मेनू आहे आणि तरी निम्म्या लोकांना माहीत नाही. टास्क मॅनेजरला तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबलं की झालं. म्हणजे ह्यांचे शॉर्टकट केले नाहीत तरी चालतं. माझ्या डेस्कटॉपवर खरं कामाला येतं ते सर्व्हिसेस, कारण ते त्या मेनूत थेट नाहीये.

आता शॉर्टकट करायचा. स्टार्टमध्ये विंडोज टूल्स असं इंग्रजीत टाइप करा, विंडोज १० मध्ये हेच फोल्डर ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्स ह्या नावाने सापडेल. आत सगळी टूल्स रांगेत दिसतील. हवं त्याच्यावर राइट क्लिक करा, ११ मध्ये आधी शो मोअर ऑप्शन्स करावं लागेल, मग क्रिएट शॉर्टकट. इथे शॉर्टकट बनवता येत नाही, डेस्कटॉपवर ठेवू का, असं विचारलं तर घाबरू नका, येस म्हणा.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते. डेस्कटॉपच्या रिकाम्या जागी राइट क्लिक, न्यू, शॉर्टकट. लोकेशनच्या चौकटीत टूलचं खरं नाव टाकायचं, पूर्ण पाथ लागत नाही, विंडोज स्वतः शोधतं. फोनवर सांगतात तसं सांगतो, अक्षरं इंग्रजीच टाकायची. सर्व्हिसेससाठी त्याच शब्दाचं पूर्ण स्पेलिंग, मग डॉट, मग एम एस सी. डिव्हाइस मॅनेजरसाठी डी ई व्ही एम जी एम टी, डॉट, एम एस सी. इव्हेंट व्ह्यूअरसाठी ई व्ही ई एन टी व्ही डब्ल्यू आर, डॉट, एम एस सी. मधे स्पेस कुठेच नाही. नेक्स्ट करा, नाव द्या, फिनिश. नाव तुम्हाला कळेल असं द्या की, मी सर्व्हिसेसला सरळ "प्रिंटर अडकला" असं नाव दिलंय, कारण नव्वद टक्के वेळा मी ते त्याच्यासाठीच उघडतो: यादीत प्रिंट स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी सर्व्हिस) शोधायचं, राइट क्लिक, रीस्टार्ट, आणि अडकलेलं प्रिंट बहुतेक वेळा सुटतं.

आता सगळ्यात जास्त घोळ जिथे होतो ते, रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे प्रोग्रॅम ॲडमिनच्या पूर्ण अधिकाराने चालवणं. कमांड प्रॉम्प्टचा, म्हणजे कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीचा, शॉर्टकट केलात (चौकटीत फक्त सी एम डी) तर तो साधाच उघडतो. नेहमी ॲडमिन म्हणून उघडायला हवा असेल तर त्या शॉर्टकटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शॉर्टकटच्या टॅबमध्ये खाली ॲडव्हान्स्ड बटण आहे, ते दाबून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटरवर टिक करा. पण हे लक्षात घ्या की टिक केल्याने तुमचा अधिकार वाढत नाही, अधिकार अकाउंटचा असतो. तुमचं अकाउंट ॲडमिनचं असेल तर विंडोज फक्त येस की नो विचारेल, साधं स्टँडर्ड अकाउंट असेल तर ॲडमिनचा पासवर्ड मागेल. स्टँडर्ड अकाउंटवरून डिव्हाइस मॅनेजर नुसतं उघडलं तर सगळं दिसतं पण बदल करता येत नाहीत, तेव्हा शॉर्टकट बिघडला असं समजून बसू नका.

आणि कृपया ही टिक सगळीकडे मारत सुटू नका. मी सुरुवातीला तेच केलं होतं, रोजच्या नोटपॅडलासुद्धा, आणि मग अर्धा तास डोकं खाजवत होतो की फाइल ओढून त्यात टाकली तर उघडत का नाही. ॲडमिन म्हणून उघडलेल्या खिडकीत साध्या फाइल एक्सप्लोररमधून ओढून काही टाकता येत नाही, विंडोज ते मुद्दाम अडवतं. नेटवर्कवरचे मॅप केलेले ड्राइव्हपण (दुसऱ्या मशीनवरचं फोल्डर आपल्याकडे ड्राइव्ह म्हणून जोडलेलं) बऱ्याचदा त्यात दिसत नाहीत. शिवाय ॲडमिनवालं कमांड प्रॉम्प्ट तुमच्या फोल्डरमध्ये उघडत नाही, थेट विंडोजच्या सिस्टम ३२ मध्ये, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या फाइल्सच्या फोल्डरमध्ये, उघडतं, त्यामुळे काही डिलीट करायची कमांड देण्याआधी आपण कुठे उभे आहोत ते वाचा.

तो येस-नोचा प्रश्न टाळायची एक युक्ती टास्क शेड्युलर (ठरवलेली कामं आपोआप चालवणारं टूल) वापरून करतात. हायेस्ट प्रिव्हिलेजेसवाला, म्हणजे पूर्ण अधिकाराने चालणारा, टास्क बनवायचा आणि शॉर्टकटने तो टास्क चालवायचा. चालते ती, पण मी करत नाही. जो टास्क तुम्ही न विचारता चालवू शकता तो तुमच्या अकाउंटवर चालणारा दुसरा कुठलाही प्रोग्रॅमपण चालवू शकतो. एक क्लिक वाचवायला एवढं कशाला!

कुठली आणू नयेत? डिस्क मॅनेजमेंट. त्यात डिलीट व्हॉल्यूम (अख्खा ड्राइव्ह उडवणं) आणि फॉरमॅट हे पर्याय एका राइट क्लिकवर असतात, असली वस्तू गेमच्या आयकॉनशेजारी ठेवायची नाही. रजिस्ट्री एडिटरचंही (विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज बदलायचं टूल) तेच. इव्हेंट व्ह्यूअर ठेवा हवं तर, पण घरच्यांना सांगून ठेवा की त्यात लाल-पिवळ्या खुणा धडधाकट मशीनवरसुद्धा असतात. फोन करून "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे" म्हणणारे भामटे नेमकं हेच उघडायला लावून घाबरवतात. ग्रुप पॉलिसी एडिटर (विंडोजचे नियम ठरवायचं टूल) शोधत असाल तर विंडोजच्या होम एडिशनमध्ये ते नसतंच, शॉर्टकट केला तरी एरर येईल.

कीबोर्डवरून उघडायचं असेल तर त्याच प्रॉपर्टीजमध्ये शॉर्टकट कीच्या चौकटीत एक अक्षर दाबा, कंट्रोल आणि ऑल्ट आपोआप लागतात. शॉर्टकट डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूत असेल तरच ही की भरवशाने चालते, म्हणून बाकीची टूल्स एका फोल्डरात टाका आणि रोजचं एखादं बाहेर राहू द्या.

एकाच मशीनवर सगळ्यांची वेगळी अकाउंट असतील तर हे शॉर्टकट स्वतःच्याच डेस्कटॉपवर ठेवा. युजर्सच्या आत पब्लिक आणि त्यात लपवलेलं डेस्कटॉपचं फोल्डर असतं, तिथे टाकलेलं सगळ्यांना दिसतं. आणि कोणी चुकून शॉर्टकट डिलीट केला तर आरडाओरडा नको, टूल जागेवरच असतं, शॉर्टकट एका मिनिटात परत करता येतो.