भिंत वाळेपर्यंत: हार्वेनंतर चर्चच्या चमूसोबत घरं उभारताना

२५ ऑगस्ट २०१७ च्या रात्री हार्वे चक्रीवादळ टेक्सासमध्ये रॉकपोर्टजवळ किनाऱ्यावर आलं आणि पुढचे चार दिवस ह्यूस्टनला पावसानं झोडपलं. पूर्वेकडच्या नेदरलँड नावाच्या गावात तर ६० इंचांहून जास्त पाऊस मोजला गेला. मी तेव्हा ह्यूस्टनला सिव्हिलमध्ये एमएस करत होते. आमची इमारत उंचावर होती, आमच्याकडे पाणी आलं नाही. पाणी ओसरल्यावर वर्गातली एक मैत्रीण म्हणाली, "उद्या आमच्या चर्चमधून लोक घरं साफ करायला जाणार आहेत, येतेस?" एका शनिवारपुरतं म्हणून गेले आणि पुढे दीड वर्ष जवळजवळ दर शनिवारी जात राहिले.

इकडे शिकायला आलेली आपली मुलं-मुली मला अजूनही याबद्दल विचारतात. २०२४ मध्ये हेलीन वादळानं नॉर्थ कॅरोलायनाचा डोंगराळ भाग उद्ध्वस्त केला, तेव्हा तर बऱ्याच जणांनी विचारलं. एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

पहिला प्रश्न ठरलेला असतो: आपण ख्रिश्चन नाही, चालेल का? माझ्या अनुभवात चाललं. सकाळी काम सुरू करण्याआधी सगळे गोल करून हात धरतात आणि एक जण प्रार्थना म्हणतो. मी डोळे मिटून उभी राहायचे, मला कुणी काही म्हणायला लावलं नाही. पण ही माणसं देवाचं काम म्हणूनच इथे आलेली असतात, हे ध्यानात ठेवूनच जा. काही संस्था चमूचा प्रमुख किंवा दीर्घकाळचा स्वयंसेवक होण्यासाठी श्रद्धेच्या निवेदनावर सही मागतात. पटत नसेल तर तसं सरळ सांगा आणि शनिवारचं काम तेवढं करा, त्यात अवघड वाटण्यासारखं काही नाही.

दुसरा प्रश्न व्हिसाचा. बिनपगारी सेवाकार्य वेगळं आणि नोकरी वेगळी. तरी एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर जाण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. पैसे, राहण्याचं भाडं, दिवसाचा भत्ता, असं काहीही कुणी देऊ केलं, तर आधी तिथे विचारा.

आता पहिल्या दिवसाबद्दल. ज्याला आपण घर उभारणं म्हणतो, त्याची सुरुवात घर मोडण्यापासून होते. तिथे या कामाला मक-आउट म्हणतात. आधी गाळ काढायचा, मग सामान बाहेर, मग कार्पेटच्या पट्ट्या कापून गुंडाळ्या करायच्या, मग भिंती. त्या भागातली बरीच घरं आतून लाकडी चौकटीची असतात आणि चौकटीवर जिप्समचे पत्रे ठोकलेले असतात. टेक्सासमध्ये सगळे त्याला शीटरॉकच म्हणतात. पाणी दोन फूट चढलं असलं तरी शीटरॉक बहुधा चार फुटांपर्यंत कापतात. कारण जिप्सम पाणी वर ओढतं, आणि नवा पत्रा ४ बाय ८ फुटांचा येतो, तो आडवा लावला की बरोबर चार फूट भरतात. खडूच्या दोरीनं रेघ मारायची आणि त्या रेघेवर कापायचं. भिंतीच्या आत उष्णता अडवायला भरलेला कापसासारखा फायबरग्लास पाणी पिऊन जड झालेला असतो, तो पिशव्यांमध्ये भरायचा. मग येतं कुणालाच नको असलेलं काम, चौकटीत राहिलेला प्रत्येक खिळा आणि स्क्रू उपटणं. पहिल्या शनिवारी मी तीन तास तेच केलं. एक खिळा जरी राहिला तरी नवा पत्रा सपाट बसत नाही, म्हणून ते करावंच लागतं.

हातमोजे, जाड तळाचे बूट, डोळ्यांना गॉगल आणि एन-९५ मास्क याशिवाय आत पाय टाकू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. वीज बंद आहे असं कुणी सांगितलं तरी टेस्टर लावून बघा. ब्लीचमध्ये अमोनियाचं काहीही मिसळू नका. घर १९७८ च्या आधीचं असेल तर रंगात शिसं असू शकतं, आणि जुन्या फरश्यांमध्ये किंवा छताच्या खरबरीत थरात ॲस्बेस्टॉस. तिथे प्रमुखाला विचारल्याशिवाय काहीच खरवडू नका. आणि फ्रिज उघडायचा नाही. आठवडाभर वीज नसलेल्या फ्रिजभोवती चिकटपट्टी गुंडाळायची आणि तो तसाच बाहेर न्यायचा.

काहीही उखडण्याआधी फोटो काढा. भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेला मोजपट्टी टेकवून काढलेला फोटो घरमालकाला विम्यासाठी आणि सरकारी अर्जासाठी लागतो. हजेरीच्या कागदावर आल्याची आणि गेल्याची वेळ न विसरता लिहा. मला ती नुसती औपचारिकता वाटायची. नंतर कळलं की आपत्कालीन कामातले स्वयंसेवकांचे तास स्थानिक प्रशासनाला फेमाकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेकडे, आपल्या वाट्याच्या खर्चापोटी दाखवता येतात. म्हणजे तुम्ही लिहिलेल्या सहा तासांना तिथे खरंच किंमत असते.

त्या पहिल्या महिन्यात माझ्या हातून जे झालं ते सांगायलाच हवं. एका घरात मागच्या खोलीत फुगलेला पुठ्ठ्याचा खोका होता, आत चिकटून गेलेले कागद. मी तो उचलून रस्त्याकडेच्या ढिगावर नेऊन टाकला. दुपारी घरमालकीण आल्या, सत्तरीच्या बाई. त्या ढिगाभोवती हळूहळू फिरत काहीतरी शोधत होत्या. त्यांचे यजमान शाळेत संगीत शिकवायचे, त्यांनी हातानं लिहिलेल्या स्वरलिपीचे कागद त्या खोक्यात होते. यजमान जाऊन चार वर्षं झाली होती. आम्ही खोका शोधून काढला आणि गॅरेजमध्ये दोरी बांधून एकेक कागद सोडवून वाळत घातला. निम्मे वाचले. त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत, उलट "इट्स ओके, बेबी" म्हणत राहिल्या, आणि मला ते जास्त लागलं.

तेव्हापासून मी दर घरी आधी अंगणात एक ताडपत्री पसरते. ठेवायचं ते तिच्यावर. आपल्याला कचरा वाटणारी वस्तू ढिगावर टाकण्याआधी ती मालकाला दाखवायची आणि विचारायचं, ठेवू की टाकू? वेळ लागतो. लागू दे. मालक सांगता सांगता त्या वस्तूची गोष्ट सांगायला लागले तर हातातलं काम खाली ठेवा आणि ऐका. तोही कामाचाच भाग आहे, असं मी आता नवीन आलेल्यांना पहिल्याच तासाला सांगते.

तीन-चार आठवड्यांनी स्वयंसेवकांची गर्दी ओसरते, टीव्हीवरच्या बातम्या थांबतात, आणि खरं लांबचं काम सुरू होतं. अमेरिकेत घराच्या साध्या विम्यात पुराचं नुकसान धरत नाहीत, त्यासाठी वेगळा पूरविमा लागतो, आणि ह्यूस्टनमध्ये पाणी शिरलेल्या बहुतेक घरांचा तो नव्हता. त्या वर्षी फेमाची वैयक्तिक मदत जास्तीत जास्त ३३,३०० डॉलर होती, आणि बऱ्याच जणांच्या हातात त्याहून फार कमी पडली. उरलेली तूट भरायला प्रत्येक भागात दीर्घकालीन पुनर्वसन समिती उभी राहते. केस मॅनेजर, म्हणजे कुटुंबाच्या गरजांचा पाठपुरावा करणारा माणूस, एकेका कुटुंबाची फाइल समितीच्या टेबलावर मांडतो, आणि टेबलाभोवती बसलेली चर्चेस आणि संस्था आपापला वाटा उचलतात. कुणी शीटरॉक आणि दारं विकत देतं, कुणी मजूर देतं, कुणी सुतार. यात वेगवेगळे ख्रिश्चन पंथ असतात. मेथडिस्टांची केस मॅनेजमेंट नावाजलेली. मेनोनाइट लोक हे काम १९५० पासून करत आलेत, कॅन्ससमधल्या हेस्टनला त्यांची आपत्तीसेवा सुरू झाली. त्यांच्यातले लोक अनेकदा महिनोनमहिने मुक्काम ठोकून राहतात. पिवळे शर्ट घातलेले बॅप्टिस्ट करवती घेऊन पडलेली झाडं कापतात आणि हजारोंचा स्वयंपाक करतात.

करिअरच्या दृष्टीनं बघायचं तर या टेबलाजवळ बसायला मिळालं पाहिजे. मला दोन महिन्यांनी संधी मिळाली ती फक्त एका कारणानं: मी प्रत्येक घराची मोजमापं एका स्प्रेडशीटमध्ये नीट लिहायचे. किती पत्रे, किती फूट पट्टी, किती दारं, कोणतं कुठल्या बाजूला उघडतं. बांधकाम समन्वयकानं तो तक्ता पाहिला आणि मला अंदाजपत्रकं बनवायला बसवलं. वर्गात शिकलेलं एस्टिमेशन तिथे पहिल्यांदा समजलं, कारण एक दार चुकीच्या बाजूचं मागवलं तर कुणीतरी आणखी आठवडाभर दाराशिवाय राहणार असतं. बांधकाम समन्वयक, अंदाजपत्रककार, केस मॅनेजर, स्वयंसेवक समन्वयक, ही सगळी या क्षेत्रातली पगारी पदं आहेत. अमेरिकॉर्प्स या सरकारी सेवाकार्यक्रमाचा मार्ग मात्र मुख्यतः नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांना खुला आहे, त्यामुळे विद्यार्थी व्हिसावर असाल तर त्यात वेळ घालवू नका.

बाकी सगळं शिकता येतं. थांबणं शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि तेही संगीतशिक्षकांच्या त्याच घरात.

आमचे प्रमुख निवृत्त सुतार होते, मी त्यांना सर म्हणायचे. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या राज्यातून एका चर्चचे बारा जण दोन दिवस गाड्या चालवत आले होते. त्यांच्याकडे सहा दिवस होते. शीटरॉक घरात येऊन पडलं होतं. बाईंना नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी परतायचं होतं, दोन महिन्यांहून जास्त काळ त्या बहिणीकडे राहत होत्या. सरांनी खिशातून ओलावा मोजायचं यंत्र काढलं, दोन सुयांचं, मुठीएवढं. खिडकीजवळच्या खांबात टोचलं: १४ टक्के. मग गुडघ्यावर बसून न्हाणीघरामागच्या भिंतीत, अगदी जमिनीलगतच्या आडव्या फळीत टोचलं: २२. बाहेरच्या विटांमागच्या पोकळीत पाणी अडकून राहिलं होतं आणि ती फळी ते अजून पीत होती. १६ च्या खाली आल्याशिवाय भिंत बंद करायची नाही, नाहीतर आत बुरशी वाढते आणि वर्षभरात तीच भिंत पुन्हा फोडावी लागते.

खोलीत कुणी बोलेना. आलेल्यांपैकी एक जण म्हणाला, बाकीच्या भिंती तरी लावून टाकू. सर म्हणाले, भिंती लावायच्या तर सगळ्या एकदमच. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, हे मी कबूल करते. बाई दारातच उभ्या होत्या. सरांनी त्यांना काही समजावलं नाही. खाली बसायला मदत केली, यंत्र त्यांच्या हातात दिलं आणि सुया कुठे टेकवायच्या ते दाखवलं. त्यांनी स्वतः आकडा वाचला. मग सरांनी कानामागची पेन्सिल काढून त्यांना दिली, आणि बाईंनी खांबावर तारीख टाकून २२ लिहिलं.

ते बारा जण पुढचे दिवस दुसऱ्या घरी गेले, छतातला फायबरग्लास काढला, दारं रंगवली. आम्ही बाईंच्या घरात पंखे आणि हवेतलं पाणी शोषणारं यंत्र लावलं. दर शनिवारी त्या यायच्या, गुडघ्याखाली उशी ठेवून बसायच्या आणि सुया टोचायच्या. दुसऱ्या शनिवारी १९. मग १७. थँक्सगिव्हिंग बहिणीकडेच झालं. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी १५ आलं, तेव्हा त्यांनी ते आधी मला वाचायला लावलं, आपला चष्मा चुकतोय का बघ म्हणाल्या.

त्याच दिवशी न्हाणीघरामागची भिंत लावली. पत्रा मी आणि मैत्रिणीनं धरला, पहिला स्क्रू बाईंनी मारला. चार तारखा आणि चार आकडे अजून त्या भिंतीच्या आत आहेत, पेन्सिलनं लिहिलेले.