निकालपत्रकावरून रोइंगपटूची कारकीर्द वाचायची कशी: डच महिलांची उदाहरणं घेऊन

करोलीन फ्लोरैन, जन्म १९९८. तोक्यो ऑलिंपिकमध्ये रौप्य, २०२२ आणि २०२३ मध्ये जगज्जेती, पॅरिस २०२४ ला सुवर्ण. पदकांची ही ओळ वाचली की रुप्यावरून सोन्याकडे सरळ चढण दिसते. प्रत्यक्षात मधल्या काळात या बाईने जवळजवळ खेळच बदलला. पदकाच्या रकान्यात ते कळत नाही. त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत नौकेची खूण छापलेली असते, तिथे कळतं. रोइंगपटूची कारकीर्द तिथूनच वाचायला घ्यावी.

आधी एक वही किंवा एक्सेलची शीट उघडा आणि हे रकाने आखा: वर्ष, तेव्हाचं वय, वयोगट, नौका, सीट, स्पर्धा, अंतर, कोणती फायनल, क्रमांक, विजेतीपासूनचा फरक टक्क्यांत. वेळेचाही रकाना ठेवा, पण शेवटी. तो शेवटी का, ते पुढे येईलच.

मराठीत शोधताना मात्र जपून. आपली वर्तमानपत्रं वल्ह्यांच्या शर्यतीलाही ‘नौकानयन’ म्हणतात आणि शिडाच्या होड्यांनाही. डच महिला दोन्हींत पदकं मिळवतात, त्यामुळे एकीच्या नावावर दुसऱ्या खेळातलं पदक चढतं. शोधताना ‘रोइंग’ हाच शब्द वापरा.

नौकेची खूण

खुणेत तीन गोष्टी असतात. सुरुवातीचं ‘डब्ल्यू’ म्हणजे महिला. त्याआधी ‘एल’ असेल तर कमी वजनाचा गट. मग आकडा, म्हणजे नौकेत वल्ही मारणाऱ्या किती. शेवटी चिन्ह: ‘एक्स’ असेल तर प्रत्येकीच्या हातात दोन वल्ही, याला स्कलिंग म्हणतात. वजाचं चिन्ह असेल तर प्रत्येकीकडे एकच वल्हं आणि कॉक्स नाही. अधिक असेल तर एकेक वल्हं, शिवाय दिशा सांभाळणारी आणि हुकूम देणारी कॉक्स.

फ्लोरैनचं तोक्योतलं रौप्य ‘डब्ल्यू फोर मायनस’चं आहे: चौघी, एकेक वल्हं. पॅरिसचं सुवर्ण ‘डब्ल्यू वन एक्स’चं, म्हणजे एकटी, दोन वल्ही. चौघींच्या नौकेतलं वल्हं पावणेचार मीटरच्या आसपास लांब असतं, ते दोन्ही हातांनी धरायचं आणि दर वेळी अंग एकाच बाजूला वळवायचं. स्कलची वल्ही तीन मीटरच्या आतली. ओढताना दोन्ही मुठी पोटासमोर एकमेकींवरून जातात, म्हणून एक हात किंचित वर आणि पुढे ठेवावा लागतो. ती उंची बोटभर चुकली तरी नौका कलंडू लागते. एकेरीची नौका नियमाप्रमाणे किमान १४ किलोची, लांबी आठ मीटरच्या आसपास, रुंदी जेमतेम कमरेएवढी. तोल गेला तर सावरायला मागे-पुढे कोणी नसतं. चौघींतून एकेरीत जाऊन वर्षभरात जगज्जेती होणं किती अवघड आहे, याचा अंदाज यावरून बांधा. घरात हा खेळ होता हे खरंच: वडील रोनाल्ड यांनी १९८८ मध्ये निको रीन्क्सबरोबर दुहेरीत (दोघे, प्रत्येकी दोन वल्ही) आणि १९९६ मध्ये आठ जणांच्या नौकेत सुवर्ण मिळवलं होतं.

नौकेचा रकाना भरला की आणखी एक गोष्ट दिसते. तोक्योच्या त्या रुपेरी नौकेत फ्लोरैनबरोबर एलेन होखरवेर्फ, इम्क्ये क्लेवरिंग आणि वेरोनीक मेस्टर होत्या. पॅरिसमध्ये क्लेवरिंग आणि मेस्टर यांनी दोघींच्या, एकेक वल्ह्याच्या नौकेत सुवर्ण घेतलं, फ्लोरैनने एकेरीत. चौघींच्या नौकेचं सुवर्णही नेदरलँड्सलाच मिळालं, पण तिच्यात जुन्यांपैकी एकही नव्हती. ‘डच चौघींनी रौप्यावरून सुवर्णावर झेप घेतली’ असं कुठे वाचलंत तर समजा की लिहिणाऱ्याने फक्त देशाचं नाव पाहिलं, आतली नावं नाहीत. रोइंगमध्ये ऑलिंपिकची पात्रता नौकेला, म्हणजे देशाला मिळते. नौकेत कोणाला बसवायचं, ते संघटना नंतर ठरवते.

सीट

नावं बहुधा बो ते स्ट्रोक या क्रमाने छापतात. बो म्हणजे अंतिम रेषा आधी ओलांडणारं टोक, तिथली सीट पहिली. वल्हवणाऱ्या नौका जाते त्या दिशेला पाठ करून बसतात, त्यामुळे शेवटच्या क्रमांकाची, स्ट्रोक सीटवरची बाई सगळ्यांना पाठमोरी दिसते आणि ताल तीच धरते. यादीत पहिलं नाव आहे म्हणून तिला कर्णधार समजू नका. चार-पाच वर्षांत कोणी मधल्या सीटवरून स्ट्रोकला आली असेल, तर प्रशिक्षकांचा तिच्या तालावर भरवसा बसला असं सहसा म्हणता येतं. पदक त्याच रंगाचं असलं तरी ही बढती आहे.

वयोगट आणि फायनलचं अक्षर

ज्या वर्षी १८ पूर्ण होतात त्याच्या ३१ डिसेंबरपर्यंत ज्युनियर, २२ पूर्ण होतात त्याच्या ३१ डिसेंबरपर्यंत तेविशीखालचा गट. नेदरलँड्समध्ये खूप मुली विद्यापीठात आल्यावर, विद्यार्थी क्लबच्या पहिल्या वर्षाच्या आठ जणींच्या नौकेतून सुरुवात करतात. ज्युनियरचा रकाना कोरा दिसला म्हणून लगेच ‘उशिरा उमललेली’ वगैरे लिहू नका.

‘तोक्यो २०२०’ची शर्यत झाली २०२१ मध्ये. वहीत २०२१ लिहा. नाहीतर वय एका वर्षाने चुकतं आणि पॅरिसपर्यंतची तीन वर्षं चार वाटतात.

शर्यत सहा लेनची. ए फायनलमध्ये १ ते ६, बी मध्ये ७ ते १२, सी मध्ये १३ ते १८ क्रमांक ठरतात. चांदवडच्या दत्तू भोकनळने रिओत एकेरीत १३ वा क्रमांक मिळवला, म्हणजे सी फायनल जिंकली. तिथे याच्या वर जाता येतच नाही, हे ‘१३ वा’ एवढंच वाचून कळणार नाही. उलट ए फायनलमध्ये सहावी आलेली शेवटच्या ५०० मीटरमध्ये पदक हातचं गेल्यावर वल्हं सैल सोडते, असंही होतं.

वेळ शेवटच्या रकान्यात का

कमी वजनाच्या महिलांची दुहेरी, तीच नौका, तेच २००० मीटर. २००८ मध्ये बीजिंगला कर्स्टन फान डर कोल्क आणि मारित फान यूपेन ६:५४.७४ वेळेत जिंकल्या. २०१६ मध्ये रिओला इल्से पाउलिस आणि माइके हेड ७:०४.७३ मध्ये. तोक्योत पाउलिस आणि मारीके कैझर यांनी ६:४८.०३ वेळ दिली आणि कांस्य मिळालं. वेळ पाहिली तर तिसरी जोडी सर्वांत भारी, पदक पाहिलं तर सर्वांत खाली. फरक वाऱ्याचा आणि पाण्याचा. रिओच्या लागोआ सरोवरावर वाऱ्यामुळे शर्यती पुढे ढकलाव्या लागल्या होत्या. समोरून वारा असला तर एकेरीत २०–३० सेकंद सहज जास्त लागतात, पाठीमागून असला की विक्रमांची रांग लागते.

म्हणून वेळ फक्त त्याच शर्यतीतल्या विजेतीशी ताडून पाहा. तिच्या वेळेतून विजेतीची वजा करा, विजेतीच्या वेळेने भागा, शंभरने गुणा. तोक्योत विजेत्या इटलीची वेळ ६:४७.५४, म्हणजे ४०७.५४ सेकंद. डच जोडी ०.४९ सेकंदांनी मागे, म्हणजे ०.१२ टक्के. साधा ठोकताळा असा: अर्ध्या टक्क्याच्या आत असली तर त्या दिवशी कोणीही जिंकलं असतं, दोन टक्के म्हणजे सात मिनिटांच्या शर्यतीत चाळीसेक मीटर, तिथे वर्गच वेगळा. दिवस हळू होता की वेगवान, हे पाहायचं तर त्याच सकाळच्या इतर गटांच्या वेळा काढा. सगळ्याच ताणलेल्या असतील तर दोष पाण्याचा.

ती तोक्योची शर्यत आणखी जवळून पाहण्यासारखी आहे. डच नौका सुवर्णाच्या झुंजीत होती आणि अगदी शेवटच्या वल्ह्यांत कैझरचं वल्हं पाण्यात अडखळलं. पातं पाण्यातून काढण्याआधी आडवं झालं की पाणी ते खाली ओढतं आणि मूठ उलटी अंगावर येते. रोइंगवाले याला ‘क्रॅब’ म्हणतात. नौका ताशी १७–१८ किलोमीटरने जात असताना तो ब्रेकच ठरतो. इटली आणि फ्रान्स पुढे गेले. चौथ्या ब्रिटनची वेळ ६:४८.०४. सेकंदाच्या शंभराव्या भागात ती नौका पाच सेंटिमीटरही पुढे जात नाही, आणि टोकावर बसवायचा रबरी चेंडूच नियमाने किमान चार सेंटिमीटरचा असतो. कांस्य मिळालं की गेलं, हे त्या चेंडूएवढ्या अंतरावर ठरलं. ‘२०१६ सुवर्ण, २०२१ कांस्य’ एवढंच वाचून पाउलिसची घसरण झाली असं म्हणणारा ही शर्यत वाचतच नाही. पॅरिसला डच चौघींनी ब्रिटनला ०.१८ सेकंदाने हरवलं, ते अंतरही एक मीटरहून कमीच.

जुन्या निकालांत आणखी एक खड्डा आहे. महिलांचं ऑलिंपिक रोइंग १९७६ मध्ये सुरू झालं ते १००० मीटरवर. २००० मीटर १९८८ पासून. १९८४ मध्ये डच आठ जणींनी कांस्य मिळवलं, तिथे तीन मिनिटांच्या आसपास वेळ दिसली तर छपाईची चूक समजू नका.

टप्प्यांच्या वेळा

निकालपत्रकात ५०० मीटरचे चार टप्पे आणि त्या-त्या ठिकाणचा क्रमांक असतो. आधी सरासरी काढा: एकूण वेळ भागिले चार. ७:१६ असेल तर टप्प्याला १:४९. मग प्रत्येक टप्पा तिच्याशी ताडा. पहिला टप्पा उभ्या नौकेपासून सुरू होऊनही बहुधा वेगवान असतो, दुसरा-तिसरा जड, चौथा पुन्हा वर. वाचायचा तो तिसरा. तिथे पायांत आग पेटलेली असते आणि अंतिम रेषा अजून दिसत नाही. सलग दोन-तीन मोसम तिसऱ्या टप्प्यात जिचा क्रमांक सुधारतो, ती पुढे पदकापर्यंत पोचण्याची शक्यता जास्त, मग आज ती बी फायनलमध्ये का असेना. हीट आणि सेमीफायनलचे टप्पे मात्र या हिशेबात धरू नका. पुढे गेल्याची खात्री झाली की जाणकार बाई वल्हं मुद्दाम हलकं करते.

कोऱ्या आणि दुहेरी ओळी

एकाच स्पर्धेत एकच नाव दोनदा दिसलं तर ती चूक नव्हे. सिडनी २००० मध्ये एके फान नेस आणि पीटा फान डिसहूक यांनी दुहेरीत रौप्य घेतलं आणि आठ जणींच्या नौकेतही. दोन वल्ही आणि एक वल्हं, दोन्ही एकाच आठवड्यात.

‘डीएनएस’ म्हणजे शर्यतीला उतरलीच नाही. कारण पत्रकात लिहिलेलं नसतं, ते शोधावं लागतं. करोलीनचा भाऊ फिन तोक्योत एकेरीची हीट खेळला आणि कोविड चाचणीत सापडल्याने पुढे उतरू शकला नाही. पॅरिसला तो चौघांच्या स्कल नौकेत सुवर्णविजेता होता. मार्लूस ओल्डनबर्गच्या वहीत २०२२ साली खळगा दिसेल: मलेशियात माउंटन बाइकवरून पडून तिच्या मानेचं हाड मोडलं होतं. दोन वर्षांनी पॅरिसच्या त्या सुवर्ण चौकडीत ती होती.

‘एल’वाल्या ओळींसाठी वजनाची टीप जोडा. दुहेरीत कोणीही ५९ किलोच्या वर नाही, दोघींची सरासरी ५७ च्या वर नाही, आणि वजन शर्यतीआधी दोन ते एक तासाच्या आत करायचं. पॅरिसनंतर हा गट ऑलिंपिकमधून गेला. २०२५ पासून एखादीच्या नावापुढचं ‘एल’ नाहीसं झालं, तर ती खुल्या गटात आली एवढाच अर्थ काढा.

एर्गोमीटरचे आकडे

मुलाखतींत एर्गोमीटर, म्हणजे जमिनीवरच्या रोइंग मशीनवरची २००० मीटरची वेळ सांगतात. ती वॉटमध्ये उतरवा: ५०० मीटरच्या सेकंदांना ५०० ने भागा, आलेल्या आकड्याचा घन करा, २.८ ला त्याने भागा. ७:०० म्हणजे टप्पा १:४५, सुमारे ३०२ वॉट. ६:४० म्हणजे १:४०, ३५० वॉट. वेळ पाच टक्क्यांनी घटवायला ताकद सोळा टक्के जास्त लागली. पण मशीन पाण्यात बुडत नाही. उंच, वजनदार बाईचा मशीनवरचा आकडा एकेरीच्या नौकेत पुरता कामाला येत नाही, कारण तिच्या वजनाने नौका खोल जाते आणि पाण्याचं घर्षण वाढतं. फक्त या आकड्यावरून भाकीत करणारे बहुधा तोंडावर पडतात.

नेदरलँड्समध्ये असाल तर

डेल्फ्टला शिकणाऱ्या मराठी मुलांना लागा आणि प्रोटिउस-एरेटेस हे विद्यार्थी क्लब गावातच आहेत. विद्यार्थी क्लबांची १८७८ पासूनची ‘वार्सिटी’ शर्यत हाउटनजवळ कालव्यावर होते, ‘हॉलंड बेकर’ स्पर्धा ॲमस्टरडॅमच्या बोसबान या रोइंगच्या तलावावर, आणि ॲम्स्टल नदीवरची ‘हेड’ शर्यत आठ किलोमीटरची, एकामागून एक नौका सोडून घड्याळावर घेतलेली. त्या वेळा २००० मीटरच्या पानावर लिहू नका. बोसबानला २०२६ ची जागतिक स्पर्धा आहे. तिथे बसणार असाल तर १५०० मीटरच्या खुणेपाशी जागा धरा. तिसरा टप्पा संपतो तिथे कोणाचं वल्हं अजून एकसारखं पडतंय, ते उघड्या डोळ्यांनी दिसतं.

अंतराचा रकाना आखायला सांगितला तो २०२८ साठी. लॉस एंजेलिसची शर्यत लाँग बीचला १५०० मीटरची असेल. त्या वेळेला चार तृतीयांशाने गुणून २००० चा आकडा काढायचा मोह होईल. काढू नका: छोट्या शर्यतीत वेगवान सुरुवातीचा वाटा मोठा असतो, आणि दमवणारा मधला भाग तिथे कापलेला असतो.