तारेवरची पत्रे उतरवताना

पंचवटीतील किंवा जुन्या नाशिकमधील एखादा वाडा पाडायचे ठरले, की माळ्यावरून तांब्याचा बंब, मुका ग्रामोफोन आणि तारेला टोचलेल्या पोस्टकार्डांचा जुडगा खाली येतो. बंबाला मोडीचा भाव मिळतो, ग्रामोफोन नव्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात शोभेला बसतो आणि पत्रे मात्र रद्दीत जातात. वास्तविक तिन्हींत वाचण्याजोगी असतात ती पत्रेच, म्हणून ती तार पुढीलप्रमाणे सोडवावी.

कार्डे ओढून काढू नयेत. आधी पक्कडीने तारेचा वरचा आकडा कापावा, उघड्या तारेवरचा गंज पॉलिश पेपरने घासावा आणि मग वरून एकेक कार्ड उचलून त्याच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने फिकट अनुक्रमांक घालावा. आलेले पत्र जुन्या पत्राच्या डोक्यावर टोचले जात असल्यामुळे तारेचा क्रम हा बहुधा काळाचा क्रम असतो, आणि तारीख नसलेल्या कार्डाचा काळ त्याच्या वरच्या-खालच्या शेजाऱ्यांवरूनच काढावा लागतो. आकारानुसार नीटनेटका गठ्ठा लावण्याचा मोह म्हणूनच आवरावा.

कालनिर्णयासाठी प्रथम टपालाचा गोल शिक्का पाहावा. तो पुसट असल्यास मजकुराच्या माथ्यावरील शके पाहून त्यात ७८ मिळवावेत; पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या पत्रांसाठी बहुधा ७९ धरावे लागतात. शके १८५७ च्या माघातले पत्र म्हणजे १९३६ चा आरंभ. तेही नसेल तर किंमत बोलते. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याला सुरू झाले. ‘नये पैसे’ छापलेले कार्ड १ एप्रिल १९५७ नंतरचे असते, आणि पिनकोडासाठी सहा चौकोन असतील तर ते १५ ऑगस्ट १९७२ च्या अलीकडचे असते. नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस १९२५ साली सुरू झाल्यावर टपालाची तिकिटे व कार्डे तेथे छापली जाऊ लागली, त्यामुळे येथे छापलेले कार्ड कोकणात जाऊन, आंब्यांची पेटी पाठवल्याचे वर्तमान घेऊन पुन्हा येथेच परतल्याचा योग दुर्मीळ नसावा.

वाचताना काही संकेत ध्यानात ठेवावेत. कोपऱ्याला हळदकुंकू लागलेले असेल तर कार्य ठरले आहे. ‘बाकी मजकूर समक्ष भेटीत’ असे जेथे लिहिले आहे तेथे खरा मजकूर दडलेला आहे, कारण उघडे कार्ड पोस्टमनपासून शेजारच्या काकूंपर्यंत सर्वजण वाचत आणि लिहिणाऱ्यास ते पक्के ठाऊक असे. निधनाची पत्रे मात्र तारेवर शोधू नयेत. वाचून लगेच फाडून टाकण्याचीच रीत असल्यामुळे तारेवरच्या कुटुंबात मुंजी होतात, लग्ने होतात, बदल्या होतात आणि मरत कोणीच नाही. एखाद्या आत्याचा ‘शिरसाष्टांग नमस्कार’ एका कार्डापासून अचानक बंद होतो, तेवढीच काय ती बातमी.

सफाईसाठी मऊ, कोरडा ब्रश पुरेसा आहे. पाण्याचा बोळा लावू नये, कारण टाकाची शाई फुटते आणि जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीचे अक्षर तर ओल लागताच पसरते. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन हे दोन्ही उपाय कसरीपेक्षा अधिक नुकसान करतात. पावसाळ्यात हे काम काढू नये. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम. कार्डे आम्लरहित कागदाच्या पाकिटांत ठेवून लाकडीऐवजी पत्र्याच्या कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावीत आणि तत्पूर्वी दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, कारण काटकसरी लेखक समासात आणि पत्त्याच्या कडेलाही आशीर्वाद भरून ठेवतात.

राहता राहिला माणसे ओळखण्याचा प्रश्न. प्रत्येक घराण्यात किमान तीन अण्णा आणि दोन बेबीताई असतात, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना एकेकटे गाठून विचारावे. दोघांना एकत्र बसवल्यास कार्ड बाजूला राहते आणि १९६२ च्या लग्नात कोणाचा मानपान राहिला याचा निवाडा सुरू होतो.