ऑनलाइन बँकिंग आणि खरेदीतील फसवणूक कशी टाळावी

बँकेचे व्यवहार, वीजबिल, गणेशचवथीची खरेदी, भाड्याच्या खोलीची अनामत ही सगळी देवाणघेवाण आता मोबाइलवर होते, आणि फसवणूक करणारेही याच वाटेने घरात शिरले आहेत. त्यांचे डावपेच सतत बदलत असल्यामुळे प्रत्येक प्रकार लक्षात ठेवण्यापेक्षा एक नियम अंगवळणी पाडणे अधिक उपयोगाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण न मागता आलेला फोन, दुवा किंवा क्यूआर कोड यांच्या आधारे पैशाचे कोणतेही काम करू नये. फोन बंद करावा आणि तेच काम स्वतःला माहीत असलेल्या, खात्रीच्या मार्गाने करावे.

उदाहरणार्थ, ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल’ असा संदेश आला, तर त्यातल्या क्रमांकावर फोन न करता बिल खरोखर थकले आहे का, हे वीज खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा जवळच्या कार्यालयात तपासावे. बँकेशी बोलायचे असेल तर पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेला क्रमांकच वापरावा. गुगलवर शोधून मिळालेला ‘कस्टमर केअर’ क्रमांक अनेकदा फसवणूक करणाऱ्यांनीच टाकलेला असतो. बँकांनी आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत न्यावीत, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. त्यामुळे बँकेच्या पत्त्याचा शेवट नीट वाचण्याची सवय लावून घ्यावी. पत्त्याशेजारचे कुलपाचे चिन्ह खोट्या संकेतस्थळावरही असू शकते, म्हणून त्यावर विसंबू नये.

यूपीआयच्या बाबतीत एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत असलीच पाहिजे: पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही आणि कोड स्कॅनही करावा लागत नाही. गोव्यात पर्वरी किंवा म्हापशातला फ्लॅट भाड्याने देण्यासाठी ऑनलाइन जाहिरात दिली की कधीकधी ‘मी नौदलात आहे, बदली होऊन येतोय’ असे सांगणारा फोन येतो. दाबोळीला नौदलाचा तळ असल्याने आपल्याला ते सहज पटते, शिवाय व्हॉट्सअॅपवर गणवेशातले छायाचित्र आणि ओळखपत्रही येते. मग अनामत रक्कम पाठवण्यासाठी म्हणून तो एक कोड पाठवतो आणि ‘स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील’ असे सांगतो. पिन टाकताच पैसे आपल्या खात्यातून जातात. खऱ्या भाडेकरूला घर पाहायला यावेच लागते. घर न पाहता अनामत देण्याची घाई करणाऱ्याशी व्यवहार तिथेच थांबवावा.

लग्नाची आमंत्रणपत्रिका किंवा वाहतूक चलन म्हणून व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये अॅप बसवणारी फाइल, उघडू नये. कोणाच्याही सांगण्यावरून मोबाइलचा स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारे अॅप घेऊ नये.

खरेदी करताना अनोळखी दुकानाची समाजमाध्यमांवरची जाहिरात पाहून आगाऊ पैसे देणे टाळावे. बाहेरगावचे आप्त कळंगुट किंवा हणजूणला राहायला व्हिला भाड्याने घेणार असतील, तर अर्धी रक्कम पाठवण्यापूर्वी आपण गोव्यात राहणाऱ्यांनी तो पत्ता प्रत्यक्ष जाऊन पाहून द्यावा. दुसऱ्याच घराची छायाचित्रे लावून घेतलेली खोटी आरक्षणे या एका फेरीत उघडी पडतात. खरेदीचे कार्ड बँकेच्या अॅपमधून एरवी बंद ठेवता येते, आंतरराष्ट्रीय व्यवहारांसाठी तर ते बंदच ठेवावे.

मुले आखातात किंवा बोटीवर नोकरीला आणि आईवडील घरी एकटे, अशी कुटुंबे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ‘तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, व्हिडिओ कॉल बंद करू नका’ अशा धमक्यांनी याच वडीलधाऱ्यांना घेरले जाते. व्हिडिओ कॉलवरच्या या खोट्या अटकेला ते ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात, पण असा कोणताही प्रकार भारतीय कायद्यात नाही. हे त्यांना आधीच, शांतपणे आणि पुनःपुन्हा सांगून ठेवावे, आणि असा फोन आल्यास कोणाला कळवायचे ते नावही ठरवून द्यावे, कारण घाबरलेल्या माणसाला त्या क्षणी नवे काही सुचत नाही.

एवढे करूनही पैसे गेले, तर लाजेपोटी गप्प राहणे सर्वांत महागात पडते. प्रथम बँकेला कळवून खाते आणि कार्ड थांबवावे, आणि लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार द्यावी, म्हणजे पैसे पुढच्या खात्यात वळवले जाण्यापूर्वी गोठवता येण्याची शक्यता राहते. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर किंवा रायबंदरच्या सायबर गुन्हे पोलीस ठाण्यात करता येते. संदेश, व्यवहार क्रमांक आणि स्क्रीनशॉट पुसू नयेत. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमानुसार चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून त्रयस्थाची असेल आणि बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले असेल, तर ग्राहकावर भार पडत नाही. ग्राहकानेच ओटीपी दिला असेल, तर कळवण्यापूर्वीचे नुकसान त्याचे आणि नंतरचे बँकेचे असते. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक वाटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करावी.