'जतन करा' दाबलं, पण जतन झालं का? पानावरून सर्व्हरवर डेटा पाठवताना या चुका टाळा

दिवाळी पाडव्याला कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे सौदे सुरू झाले आणि तिसऱ्याच दिवशी एका अडत दुकानातून दिवाणजींचा फोन आला. "ओ, गुळाचे ४२ रवे दोनदा पडलेत बघा. आता शेतकऱ्याच्या हिशेबाची पट्टी कशी करायची?" नोंदीचं पान मी बनवलेलं. लगेच गेलो.

काट्याजवळ रेंज कमी. तिथल्या पोराने 'जतन करा' दाबलं, काही हललं नाही, म्हणून पुन्हा दाबलं. दोन्ही विनंत्या सर्व्हरला पोचल्या आणि शेतकऱ्याच्या नावावर दुप्पट गूळ चढला. बटण दाबताच ते बंद करून 'पाठवतोय' दाखवणं हे करायलाच हवं, पण तेवढ्यावर भागत नाही. कधी नोंद होते आणि उत्तरच वाटेत हरवतं. पानाला वाटतं, काम झालं नाही. म्हणून नवी नोंद उघडतानाच ब्राउझरमध्ये तिचा स्वतंत्र क्रमांक तयार करा. त्यासाठी ब्राउझरच्याच क्रिप्टोमधलं रँडमयूयूआयडी हे फंक्शन वापरा. ते एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवरच चालतं. तो क्रमांक सोबत पाठवा आणि डेटाबेसात त्या रकान्यावर युनिक बंधन घाला, म्हणजे तोच क्रमांक दोनदा बसणार नाही. तोच क्रमांक पुन्हा आला, तर सर्व्हरने आधीचीच नोंद परत द्यावी. मात्र प्रत्येक क्लिकला नवा क्रमांक काढलात, तर सगळं मुसळ केरात.

दुसरी चूक मला जास्त सलते, कारण ती गुपचूप घडते. पानावरून विनंती पाठवायच्या जुन्या पद्धतीत, जेक्वेरीच्या एजॅक्समध्ये, ४०४ (पत्ता सापडला नाही) किंवा ५०० (सर्व्हरच चुकला) आलं की एररचा कॉलबॅक चालायचा. त्याच कामासाठी २०१५ पासून ब्राउझरांत आलेलं फेच तसं वागत नाही. सर्व्हरने ५०० दिलं तरी त्याच्या लेखी उत्तर आलं, म्हणजे काम फत्ते. चूक पकडणारा कॅच चालतो तो नेटवर्क तुटलं किंवा ब्राउझरने विनंती अडवली तर. रिस्पॉन्सचा 'ओके' तपासा. २०० ते २९९ मध्येच तो खरा असतो.

पण दुकानात तोही खरा आला होता, आणि नोंद नव्हती! दुपारी जेवणाच्या सुट्टीत लॉगिनची मुदत संपली. सर्व्हरने विनंती लॉगिनच्या पानाकडे वळवली, फेच मुकाट्याने तिकडे गेलं, ते पान मिळालं, स्टेटस २००. पडद्यावर 'जतन झाले'. डेटाच्या विनंत्यांना सर्व्हरने ४०१ (लॉगिन नाही) द्यावं, वळवू नये. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या कन्सोलमध्ये जेसन (डेटा पाठवायचा मजकुरी साचा) वाचताना 'अनएक्स्पेक्टेड टोकन' आणि पुढे '<' दिसलं, तर जेसनऐवजी एचटीएमएल आलं आहे असं समजा आणि तिथल्याच नेटवर्क टॅबमध्ये रिस्पॉन्स उघडून वाचा.

मराठी कीबोर्डचीही एक गोम आहे. टेक्स्टच्या रकान्यात कोणी '४२' असं देवनागरीत टाकलं, की जावास्क्रिप्टचं नंबर हे फंक्शन त्याचं नॅन ('आकडा नाही') करतं आणि जेसन करताना त्या नॅनचं नल (रिकामं) होतं. वजन रिकामं जातं, तक्रार कुठेच नाही. आधी आकडे बदलून घ्या, आणि सर्व्हरवरही वजन तपासा. पानावरची तपासणी कोणालाही चुकवता येते.

शोधाच्या चौकटीत 'पा' टाकलं, मग 'पाटील'. 'पा'चं उत्तर उशिरा आलं तर तेच यादीवर बसतं आणि भलत्याच शेतकऱ्यावर बोट पडतं. आपल्याकडे पाटील किती, हे सांगायला नको. नवी विनंती पाठवताना ब्राउझरच्या अबॉर्टकंट्रोलरने जुनी रद्द करा.

विनंत्या तपासायच्या पोस्टमन या साधनात चालतं आणि ब्राउझरमध्ये कॉर्सची (दुसऱ्या पत्त्यावरचं उत्तर वाचायला परवानगी नसल्याची) एरर येते, तेव्हा फेचमध्ये 'नो-कॉर्स' लिहून मोकळे होऊ नका. त्यात उत्तर वाचताच येत नाही. परवानगीचा हेडर सर्व्हरनेच द्यायचा असतो. आणि गेट ही विनंती फक्त वाचण्यासाठी असते, नोंद रद्द करायला ती कधीच वापरू नका.

पान दुकानात देण्याआधी नेटवर्क टॅबमध्ये वेग ३जी करा, 'जतन करा' पाच वेळा दाबा आणि डेटाबेसात जाऊन ओळी मोजा.