ट्रॅव्हल क्रेडिट कार्डाची वार्षिक फी वसूल होते का, हे घरच्या घरी कसं तपासायचं

गेल्या महिन्यात माझा भाचा घरी आला होता. ऐरोलीला नोकरीला लागून त्याला दीड वर्ष झालंय. चहा उकळेपर्यंत त्याने फोन माझ्यापुढे धरला, "मावशी, मॉलमध्ये कार्डवाल्याने फॉर्म भरून घेतलाय, दहा हजार फी आहे पण विमानतळावरचं लाउंज, म्हणजे बसायची-खायची खास खोली, फ्री, हॉटेलचं व्हाउचर, विमानाचे पॉइंट, घेऊ का?" मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, आधी वर्षभराची स्टेटमेंट काढ म्हटलं. असं कार्ड मी स्वतः तीन वर्षं वापरलंय, दोन वर्षं आपण फायद्यात आहोत असं वाटायचं आणि तिसऱ्या वर्षी एका रविवारी वही घेऊन बसले तेव्हा आकडे वेगळंच बोलायला लागले. तो हिशेब कसा मांडायचा तेच इथे सांगतेय. वही, पेन, फोनमधला कॅल्क्युलेटर आणि तासभर वेळ एवढंच लागतं.

आधी एक अट

बिल दर महिन्याला पूर्ण भरता का? मिनिमम ड्यू, म्हणजे बँक मागते ती किमान रक्कम नव्हे, पूर्ण. उत्तर नाही असेल तर पुढचं वाचायची गरजच नाही, फीचं कार्ड घेऊ नका. बऱ्याच कार्डांवर व्याज महिन्याला ३.७५ टक्के म्हणजे वर्षाला ४५ टक्के पडतं. ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं चुकीचं असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ठरवलं होतं खरं, पण सुप्रीम कोर्टाने २० डिसेंबर २०२४ ला तो निर्णय रद्द केला, त्यामुळे आता ती मर्यादा नाही. ३०,००० रुपये एक महिना मागे राहिले तर १,१२५ रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण १,३२७ रुपये गेले. शिवाय बाकी असताना नवीन खरेदी केली की तिच्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज चालू. काही महिन्यांचे पॉइंट एका महिन्यात धुऊन निघतात.

पायरी १: खरी फी लिहा

जाहिरातीत १०,००० असतं, बिलात ११,८०० येतं, कारण १८ टक्के जीएसटी वरून लागतो. १२,५०० ची फी असेल तर १४,७५०. वहीत वरती हाच आकडा लिहा.

आणि पहिलं वर्ष आणि दुसरं वर्ष वेगवेगळं मांडा. वेलकम बोनस एकदाच मिळतो, तो धरून हिशेब केला की पहिल्या वर्षी कुठलंही कार्ड चांगलंच दिसतं. कार्ड ठेवायचं का ते दुसऱ्या वर्षावरून ठरवायचं.

पायरी २: वर्षभराचा खर्च चाळणीतून काढा

बारा महिन्यांची स्टेटमेंट डाउनलोड करा आणि ज्या खर्चावर पॉइंट मिळत नाहीत तो बाजूला काढा. भाडं, सोसायटीचा मेंटेनन्स, विमा, वीजबिल, शाळेची फी, पेट्रोल, वॉलेटमध्ये पैसे टाकणं, सरकारी भरणा, यातल्या बऱ्याच गोष्टींना हल्ली बहुतेक कार्डांवर पॉइंट नसतात किंवा अगदी चिमूटभर असतात. तुमच्या कार्डाचं काय ते नियम-अटींच्या पानावर 'एक्सक्लूजन' म्हणून दिलेलं असतं, तेवढा एक परिच्छेद तरी नीट वाचाच.

आमच्या घरचं सांगते. कार्डावरचा खर्च ६,६०,००० होता, आकडा बघून वाटलं बापरे एवढ्यावर तर भरपूर मिळणार. मग वजा करत गेले: शाळेची फी ९६,०००, विमा ६२,०००, मेंटेनन्स ५४,०००, वीज-गॅस ४८,०००, पेट्रोल ४०,०००. बरोब्बर तीन लाख गेले. पॉइंट मिळवणारा खर्च उरला ३,६०,०००, म्हणजे निम्म्याच्या थोडा वर.

पायरी ३: एका पॉइंटची किंमत तुमच्या वापराने ठरवा

एकाच कार्डाचा एकच पॉइंट विमानाच्या तिकिटाला १ रुपया, गिफ्ट व्हाउचरला ५० पैसे आणि बिलात वळता केला तर ३० पैसे असा असू शकतो. सेल्समन नेहमी १ रुपयाच सांगणार. तुम्ही मागच्या वर्षी पॉइंट कशाला वापरले ते आठवा. मिक्सर घेतला असेल तर १ रुपया धरू नका. काही बँका पॉइंट वटवताना ९९ रुपये आणि जीएसटी घेतात, तोही वजा करा.

बँकेच्या पोर्टलवर तिकीट काढलं की पाच टक्के वगैरे जास्त मिळतात, तिथे एक काम करा, तेच विमान त्याच दिवशी विमान कंपनीच्या साइटवर दुसऱ्या टॅबमध्ये उघडून बघा. मी मुंबई-दिल्ली बघितलं तेव्हा पोर्टलवर ६,९०० आणि कंपनीच्या साइटवर ६,४०० होतं. पाच टक्क्यांनी ३४५ रुपयांचे पॉइंट मिळणार होते आणि त्यासाठी ५०० जास्त द्यायचे होते. दरवेळी असंच असतं असं नाही, पण दरवेळी बघावंच लागतं.

आणि पॉइंट साठवून ठेवू नका. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला बंद पडली तेव्हा आपल्या मुंबईत किती घरांत त्यांचे जेपीमाईल्स नावाचे पॉइंट पडून होते, पुढे ते इंटरमाईल्स झाले पण ज्या विमानासाठी जमवले ते विमानच उरलं नाही. विस्ताराचं १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीनीकरण झालं आणि विस्ताराच्या नावाची कार्डंही बंद होत गेली. दोन-तीन वर्षांनी युरोपला बिझनेस क्लासने जाऊ म्हणून साठवलेले पॉइंट मी हिशेबात पूर्ण किमतीने धरतच नाही, आणि तुम्हीही धरू नका असं मनापासून सांगते.

पायरी ४: तुलना फ्री कार्डाशी करा, शून्याशी नाही

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथे, मीही दोन वर्षं चुकले. फीच्या कार्डाने वर्षाला ९,६०० रुपयांचे पॉइंट दिले तर आपण म्हणतो ९,६०० मिळाले. पण ते कार्ड नसतं तर तुम्ही रोख थोडेच दिले असते, फुकटच्या, कायम बिनफीच्या कार्डाने दिले असते आणि त्याने एक टक्का तरी परत दिलाच असता. म्हणून जो फरक पडतो तेवढीच फीच्या कार्डाची कमाई.

आमचा आकडा: प्रवासाचे ८०,००० पाच टक्क्यांनी ४,०००, बाकीचे २,८०,००० दोन टक्क्यांनी ५,६००, एकूण ९,६००. फ्री कार्डाने त्याच ३,६०,००० वर दिले असते ३,६००. फरक ६,०००. वहीत ६,००० लिहायचे.

पायरी ५: लाउंज, आणि इथे स्वतःशी खरं बोला

लाउंजचा वॉक-इन दर, म्हणजे दारात पैसे भरून आत जायचा दर, हजाराच्या वर असतो आणि जाहिरातीत त्या दराने गुणून दाखवतात. तुम्ही तसं गुणू नका. एकच प्रश्न विचारा: हे कार्ड नसतं तर मी दारात उभं राहून खिशातून किती दिले असते? आमच्याकडे उत्तर होतं, काहीच नाही, घरून थेपले आणि गुळपोळी नेली असती आणि वर दोन चहा घेतले असते. विमानतळावरचा चहा-सँडविच महाग असतो म्हणून मी माणशी ३५० धरले, त्याहून जास्त नाही.

पण पैशात न मावणारी गोष्टही असते हे मान्य करायला हवं. सासूबाईंना घेऊन दिल्लीला निघालो होतो, पहाटे सव्वाचारला टर्मिनल २, त्यांचे गुडघे दुखतात, लोखंडी खुर्चीवर दोन तास बसवत नाही. लाउंजमध्ये मऊ खुर्ची मिळाली, गरम उपमा मिळाला, पाय वर घेऊन बसल्या, चेहराच बदलला त्यांचा. अशा वेळी मी ३५० ऐवजी ८०० सुद्धा आनंदाने दिले असते. तुमच्या घरात असं कोणी असेल तर तो आकडा वाढवा, बिनधास्त वाढवा, फक्त तो तुमचा असू द्या, माहितीपत्रकातला नको.

त्याच प्रवासात परत येताना मात्र काउंटरवरच्या मुलीने कार्ड लावलं, दोन रुपयांचा व्यवहार असतो तो, आणि म्हणाली, "मॅम, डिक्लाइन होतंय." मधल्या काळात तिमाही बदलली होती आणि बँकेने आधीच्या तिमाहीत ठराविक खर्च केला असेल तरच लाउंज अशी अट टाकली होती, ईमेल आला होता पण ऑफरच्या पन्नास ईमेलांखाली दबला होता. सासूबाई उभ्याच होत्या. तेव्हापासून प्रवासाच्या आधी मी चार गोष्टी तपासते: या तिमाहीत एंट्री आहे का, किती उरल्यात, ॲड-ऑन कार्डाला (घरच्यांच्या नावाने घेतलेल्या जोडकार्डाला) चालते का, आणि आपल्या टर्मिनलवरचं लाउंज यादीत आहे का. टर्मिनल १ आणि टर्मिनल २ ची यादी वेगळी असते, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटायला लागलीत, तेव्हा तिकिटावर कुठलं विमानतळ आहे तेही बघा.

आम्ही वर्षाला आठ वेळा गेलो असतो, गर्दी आणि अशी अडचण धरून सहाच धरले. ६ गुणिले ३५०, २,१००.

पायरी ६: परदेश प्रवास

साध्या कार्डावर परदेशातल्या खर्चाला साधारण ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे परकीय चलनाच्या व्यवहारावर लागणारा जादा आकार, आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. चांगल्या ट्रॅव्हल कार्डावर २ टक्के, जीएसटीसकट २.३६. एक लाख खर्च केला तर १,७७० वाचतात, आमचे तेवढेच वाचले. परदेशी जातच नसाल तर इथे शून्य लिहा, "पुढच्या वर्षी जाऊ" म्हणून आकडा टाकू नका. गोल्फ, स्पा, कन्सिअर्ज (फोनवर बुकिंग वगैरे करून देणारी सेवा) याला आमच्या घरी शून्य. हॉटेलचं पाच हजारांचं व्हाउचर होतं, पण ज्या हॉटेलात एक रात्र बारा हजार आहे तिथे ते वापरायला अजून सात हजार घालावे लागतात, त्यामुळे तेही शून्य. तुम्ही तिथे तसेही राहणार असाल तर पूर्ण धरा.

पायरी ७: बेरीज

६,००० अधिक २,१०० अधिक १,७७०, झाले ९,८७०. फी ११,८००. आम्ही वर्षाला १,९३० रुपये घालवत होतो, आणि तेही व्यवस्थित प्रवास करून.

भाच्याचं गणित वेगळं आलं. कंपनी त्याला महिन्यातून दोनदा बेंगळुरूला पाठवते, तिकीट कंपनीचं पण लाउंज स्वतःच्या कार्डावर. तो म्हणाला परतीला उशीर झालेला असतो, तेव्हा लाउंजला वेळच नसतो, म्हणून वर्षाला वीसच धरले, ३०० ने ६,०००. त्याचा पॉइंटवाला खर्च २,४०,०००, फ्री कार्डापेक्षा एक टक्का जास्त म्हणजे २,४००. एकूण ८,४००, फीला ३,४०० कमीच. मग आम्ही त्याच बँकेचं २,५०० फीचं खालचं कार्ड मांडलं, जीएसटीसकट २,९५०. त्यात वर्षाला बारा लाउंज, ३,६०० झाले, आणि पॉइंटचा फरक ७२०. फी जाऊन १,३७० हातात उरतात. म्हणून महागडं कार्ड मांडताना त्याचं धाकटं भावंडही शेजारी मांडा, बरेचदा तेच पुरतं.

फी माफीची अट

"अमुक लाख खर्च करा, फी माफ" हे असेल तर सगळं चित्र बदलतं, आमचे ९,८७० पूर्ण हातात आले असते. पण त्या लाखांत कुठला खर्च मोजतात ते बघा, कारण पॉइंट नसलेला खर्च तिथेही बरेचदा वगळलेला असतो. आम्हाला पाच लाख हवे होते, मोजलेले फक्त ३,६०,०००. उरलेल्या १,४०,००० ची खरेदी फी वाचवायला करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पाडव्याला फ्रिज घ्यायचा ठरलेलाच असेल तर तो या कार्डावर घ्या, फीसाठी फ्रिज घेऊ नका.

वसूल होत नसेल तर

फी लागायच्या महिनाभर आधी कस्टमर केअरला फोन करा, कार्ड बंद करायचंय असं सरळ सांगा आणि फी माफ होईल का विचारा. कधी पूर्ण, कधी अर्धी माफ होते, कधी खर्चाची नवीन अट देतात, ती लिहून किंवा ईमेलवर मागा. नाही म्हणाले तर त्याच खात्यावर बिनफीचं कार्ड मिळेल का विचारा, कारण जुनं खातं चालू राहिलं तर सिबिलला बरं पडतं आणि एकूण लिमिट एकदम घटत नाही.

बंदच करायचं असेल तर आधी पॉइंट वापरा किंवा विमान कंपनीच्या माईल्समध्ये ट्रान्सफर करा, बंद झाल्यावर ते बहुतेक ठिकाणी जातात. ऑटो-पे लावलेली बिलं दुसऱ्या कार्डावर हलवा, बाकी पूर्ण भरा, मग लेखी विनंती द्या आणि तारीख जपून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे बाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं, उशीर झाला तर दर दिवसाचे ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. चार्जेस वाढवायचे तर एक महिना आधी कळवावं लागतं, आणि तो बदल मान्य नाही म्हणून कार्ड परत केलं तर त्यासाठी वेगळे पैसे घेता येत नाहीत. माझं कार्ड सहाव्या दिवशी बंद झालं, नो ड्यूज, म्हणजे बाकी नसल्याचं पत्र ईमेलवर मागून घेतलं, आणि दीड महिन्याने सिबिल रिपोर्टमध्ये ते खातं 'क्लोज्ड' दिसतंय ना तेही बघून ठेवलं.